जुन्या मिनी ट्रॅक्टरचा सेकंडहँड गिअरबॉक्स घ्यायचाय, आपल्यालाच बसेल हे ओळखायचं कसं?

केळीबांध (यावल)

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज गरज पडली म्हणून लिहितोय. आमच्याकडे १८ एचपीचं जुनं मिनी ट्रॅक्टर आहे, वडलांनी ९८ साली घेतलेलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मागे एका धाग्यावर नाव लिहिलं तं सगळे प्रतिसाद कोणती कंपनी भारी यावरच गेले. केळीत पाच बाय सहाच्या लागवडीत तीन फुटी रोटर मारायला याच्यासारखं दुसरं काही नाही, मोठं ट्रॅक्टर तिथं शिरतच नाही, म्हणून विकायचा विषय काढू नका.

तर दोन महिन्यांपासून दुसरा गिअर उडून राहिलाय. रोटर खाली टाकला, लोड आला की दांडा खट्कन न्यूट्रलला. सध्या एका हाताने स्टेअरिंग आणि एका हाताने दांडा दाबून धरतो, संध्याकाळी खांदा भरून येतो. वरून आवाजपण आहे, पिठाच्या गिरणीसारखा घर्रर्र, सगळ्याच गिअरमधे. आमच्या मिस्तरीने हाऊसिंगला (बॉक्सच्या बाहेरच्या डब्याला) स्क्रूड्रायव्हर टेकवून मुठीला कान लावला, ऐकलं आणि सांगितलं, दादा बॉक्स गेला, दुसरा बघा.

दोन ठिकाणी माल सापडलाय. एक जळगावकडे एका तोडफोड यार्डात, अठ्ठावीस हजार सांगतोय. दुसरा खाली दक्षिणेतून, भातपट्ट्यातला, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आलेत, एकोणीस हजार अधिक ट्रान्सपोर्ट. दोघंही म्हणतात सेम टु सेम. बाहेरून तं सगळे डबे सारखेच दिसतात राव. काय बघू, काय मोजू?

पानापेटी

भाऊ, पहिले वरनं झाकन खोल! आधी खोलीसन देख, मंग पैसा दे.

आता नीट सांगतो. गिअर उडणे आणि गिअरबॉक्स जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दांड्याचं वरचं झाकण काढलं की शिफ्टर रॉड दिसतील, त्या रॉडला खाचा असतात आणि त्या खाचेत स्प्रिंग एक गोळी दाबून धरते. गिअर जागेवर थांबतो तो याच गोळी-स्प्रिंगच्या जोरावर. पंचवीस वर्षांत स्प्रिंग मरते, कधी तुटून दोन तुकडे होते, कधी रॉडची खाच गोल होऊन जाते. दुसरं म्हणजे फोर्क, दांडा हलवला की गरारीला (दातेरी चाकाला) सरकवणारा काटा. फोर्कची बोटं गरारीच्या खाचेत घासून घासून पातळ होतात, मग तुम्ही दांडा पूर्ण टाकला तरी गरारी आत पाऊणच जाते. पाऊण दातावर लोड आला की ती बाहेर येणारच.

तिसरं कारण खरं महागातलं, गरारीचे दात तोंडाशी निमुळते झालेले. जुन्या मिनी ट्रॅक्टरात बहुतेक स्लायडिंग मेश असतं, म्हणजे अख्खी गरारीच सरकून दुसरीत शिरते. क्लच पूर्ण न दाबता गिअर टाकायची सवय असली की दाताचं तोंड झिजून वड्याच्या कडेसारखं गोल होतं. असा दात स्वतःच गरारीला बाहेर ढकलतो, तिथं नवीन स्प्रिंग काय करणार.

आणि चौथं, बेअरिंग. शाफ्ट पुढेमागे हलत असेल तर गरारी पण हलते. तुमचा सगळ्या गिअरमधला आवाज मला तरी बेअरिंगचाच वाटतो. एक साधी गोष्ट करा, न्यूट्रलला इंजिन चालू ठेवा, आवाज ऐका, आता क्लच पूर्ण दाबा. आवाज गेला तर इनपुट शाफ्ट (इंजिनकडून आत येणारा) किंवा त्याच्या जोडीच्या शाफ्टचं बेअरिंग. क्लच दाबल्यावर उलट आवाज सुरू झाला तर क्लचचं रिलीज बेअरिंग, त्यासाठी तं बॉक्स घ्यायची काहीच गरज नाही.

काळीमाती (शिंदखेडा)

पानापेटी बरोबर बोलले पण घ्यायचाच असेल तर माझा किस्सा ऐका. आमच्याकडे मॅसी १०३५, कापसाच्या शेतीला, आठ पुढे दोन मागे वाला. नांगरटीत एकदा मोठा आवाज होऊन गिअरबॉक्सचं हाऊसिंगच तडकलं, चूक आमचीच, ऑइल कधी बघितलंच नव्हतं. एका व्यापाऱ्याला फोन केला, विचारलं किती गिअरचा आहे, तो म्हणे आठ गिअरचा. म्हटलं पाठव. माल आला, उतरवला, मिस्तरीने दांडा हलवून मोजलं तं तीन गिअर अधिक रिव्हर्स आणि हाय-लो, म्हणजे प्रत्येक गिअर जलद आणि हळू असा दोन प्रकारे. म्हणजे सहा पुढे दोन मागे. मी फोन करून भांडलो तं तो शांतपणे म्हणतो, सहा आणि दोन आठच ना भाऊ!

कायद्याने तो खोटं बोललाच नाही. १०३५ ला दोन्ही प्रकार आलेले आहेत. तेव्हापासून मी कोणाला किती गिअरचा असं विचारतच नाही, पुढे किती आणि मागे किती असं विचारतो आणि दांडा हलवतानाचा व्हिडिओ मागतो.

ओहायोतला_अमळनेरकर

काळीमाती, हसून हसून खुर्चीवरून पडलो. हाच घोळ इथे अमेरिकेत पण आहे! इथे घरामागच्या आवारात गवत कापायला, बर्फ ढकलायला छोटे गार्डन ट्रॅक्टर असतात, १९६० च्या आसपासचे जुने अजून लोक जिवापाड सांभाळतात. इंटरनॅशनलचं कब कॅडेट १९६१ चं, जॉन डिअरचं ११० हे १९६३ चं. माझ्याकडे व्हील हॉर्स आहे, ही कंपनी १९८६ मधे टोरोने घेतली. त्याचा गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल एकाच डब्यात असतो, त्याला ट्रान्सअ‍ॅक्सल म्हणतात. तर व्हील हॉर्सचा एट स्पीड म्हणून जो बॉक्स विकला जातो तो पण तीन गिअर, एक रिव्हर्स, हाय-लो, म्हणजे सहा पुढे दोन मागे! कंपनीनेच दोन रिव्हर्स धरून आठ लिहिलं. तुमचा व्यापारी जागतिक दर्जाचा आहे.

इथे अजून एक गोष्ट शिकलो. व्हील हॉर्सच्या जुन्या बॉक्सचा एक्सल एक इंच जाड, नंतरच्याचा एक आणि एक अष्टमांश इंच. बाहेरून डबा बघून कळत नाही, पण चाकाचा हब एकाचा दुसऱ्याला बसत नाही. नंबरची पट्टी बहुतेक गळून गेलेली असते म्हणून लोक खिशात व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) घेऊनच माल बघायला जातात. फोटोवर विकत घेतलेला बॉक्स घरी आणून महिनाभर तसाच पडलेला असे नमुने इथे पण गल्लोगल्ली.

काही गार्डन ट्रॅक्टरला गिअर नसतात, हायड्रोस्टॅटिक असतं, ऑइलच्या दाबावर चालणारं. ते थंड असताना सगळेच चांगले चालतात, अर्धा तास चढावर चालवून ऑइल तापलं की खरं रूप दिसतं. तुमच्या कामाचं नाही ते, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

केळीबांध (यावल)

पानापेटी दादा, क्लच दाबला तं आवाज गेला! म्हणजे बेअरिंग? वरचं झाकण रविवारी काढतो, सध्या घड कटाईची गाडी लागलीय.

बेअरिंग_६३०८ (भुसावळ)

मी लेथच्या धंद्यातला, त्यामुळे नंबरांवर बोलतो.

बॉक्सवर दोन जातीचे नंबर असतात आणि लोक त्यात गोंधळ करतात. एक उठावाचा, म्हणजे ओतकामातच आलेला, हात फिरवला की बोटाला लागतो. तो कास्टिंग नंबर. दुसरा पंचाने ठोकलेला, खोल गेलेला, तो सीरियल किंवा तसा काही. कास्टिंग नंबर जुळला म्हणजे फक्त डबा जुळला. एकाच ओतकामात कंपन्या वेगवेगळ्या दातांच्या गरारी बसवतात. डबा तोच, आत वेगळं जेवण. म्हणून यार्डवाला उठावाचा नंबर दाखवून म्हणाला की बघा सेम, तर मान हलवा आणि पुढे मोजायला लागा.

मोजायचं काय. इनपुट शाफ्टच्या स्प्लाइन, म्हणजे शाफ्टवरचे उभे दात, मोजा, एका स्प्लाइनला खडूने खूण करून मग मोजा नाहीतर प्रत्येक वेळी वेगळा आकडा येतो, शाफ्टचा बाहेरचा व्यास व्हर्निअरने घ्या. तुमची क्लचप्लेट बरोबर न्या, ती शाफ्टवर सरकवून बघितली की वाद मिटतो. शाफ्टच्या आत दुसरा शाफ्ट दिसला, म्हणजे एकात एक अशा दोन स्प्लाइन, तर तो ड्युअल क्लचवाला, सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरला तसाच चालणार नाही. इंजिनला लागणाऱ्या तोंडाचा पुठ्ठ्याचा फर्मा करून न्या, सगळी बोल्टची भोकं आणि डॉवेल पिनची दोन भोकं उतरवून. आमच्याकडे लोक लग्नाच्या पत्रिकेच्या पुठ्ठ्यावर फर्मा करून आणतात, पत्रिका जाड पाहिजे फक्त. पीटीओचा, म्हणजे रोटर फिरवणारा मागचा शाफ्ट बहुतेक ठिकाणी सहा स्प्लाइनचा आणि ३५ मिलिमीटरचाच असतो, तो जुळला म्हणून खूश होऊ नका, तो तं सगळ्यांचाच जुळतो.

बेअरिंगचं तं माझ्या नावातच आहे. शेवटचे दोन आकडे गुणिले पाच म्हणजे आतलं भोक, ०४ पासून पुढे हा हिशोब चालतो. ६२०८ असेल तर भोक ४० मिलिमीटर, ६३०८ चं पण ४०, पण बाहेरून ६२०८ हे ८० चं आणि ६३०८ हे ९० चं. म्हणजे शाफ्ट जुळेल आणि हाऊसिंगमधे बसणार नाही. जुन्या बॉक्समधे कोणी मधेच हाऊसिंग बोअर करून दुसरं बेअरिंग ठोकलेलं असतं, ते असं पकडता येतं. ऑइल सीलवरचे तीन आकडे पण वाचा, भोक, बाहेरचा व्यास, जाडी.

आणि भाव ठरवताना लक्षात ठेवा, बेअरिंग सील तुम्ही बदलणारच आहात, त्यांची किंमत यार्डवाल्याला द्यायची नाही. पैसे द्यायचे ते गरारी आणि शाफ्टचे.

भरीतभाकरी

मी एक ऐकलंय की आवाज दाबायला व्यापारी ऑइलमधे लाकडाचा भुसा नाहीतर केळाच्या साली टाकतात. आपल्याकडे तं साली फुकटच 😄

पानापेटी

भरीतभाकरी, सालीचं मी डोळ्याने नाही पाहिलं, पण भुसा पाहिलाय, आणि ग्रीस मिसळून दाट केलेलं ऑइल तं कितीदा तरी. म्हणून ऑइल आधी काढून बघायचं. खालचा बोल्ट सैल करून पहिलं अर्धा वाटी ऑइल पांढऱ्या कपड्यावर घ्या. चहासारखं दुधाळ असेल तर पाणी गेलेलं. बारीक चंदेरी चकाकी जुन्या बॉक्समधे थोडीफार असणारच, पण नखाला टोचेल असा तुकडा निघाला तर विषय संपला. लोहचुंबक फिरवा, चिकटलं ते लोखंड, न चिकटणारं पिवळं असेल तर पितळी बुश किंवा वॉशर झिजतोय. आणि ऑइल एकदम नवंकोरं, मधासारखं स्वच्छ असेल तर मला जास्त संशय येतो, कालच कोणी का बदललं?

नवापूरवाला

भातपट्ट्यातला माल म्हणजे खराबच असं वातावरण होऊन राहिलंय म्हणून लिहितो. आमच्या नवापूरकडे भात आहे, चिखलणी आम्ही पण करतो. चिखलात चाललेल्या ट्रॅक्टरचा एक्सलचा सील आधी जातो, तिथून पाणी आणि गाळ आत जातो हे खरं. पण चिखलात लोड नरम असतो. तुमच्याकडे काळ्या मातीत उन्हाळ्यात ४४ च्या उन्हात ढेकळं फोडताना जो झटका बसतो तो क्राऊन-पिनियनला (मागच्या एक्सलला फिरवणाऱ्या गरारीच्या जोडीला) चिखलापेक्षा वाईट. ज्याने सील वेळेवर बदलले त्याचा चिखलातला बॉक्स तुमच्या कोरडवाहूपेक्षा चांगला निघू शकतो.

काळीमाती (शिंदखेडा)

नवापूरवाले, काळ्या मातीला नाव ठेवू नका, माझं नाव वाचा आधी 😄

नवापूरवाला

नाव ठेवलं नाही दादा, झटका म्हटलं. असो. भातपट्ट्यातला घेताना मागच्या एक्सलच्या बाजूने बघा. झाकण काढलं की आतल्या भिंतीवर पाण्याची रेघ दिसते, आमच्या पुराच्या रेघेसारखी, तिथपर्यंत गंज. गंज वरचेवर असेल, डिझेलच्या फडक्याने पुसला जात असेल तर चालेल. पण दातावर खड्डे पडले असतील, देवीचे व्रण असतात ना चेहऱ्यावर तसे, तर ती गरारी घ्यायची नाही, ते खड्डे वाढतच जातात. बेअरिंगच्या गोळ्यांवरचा गंज बघत बसू नका, बेअरिंग जाऊ द्या भंगारात.

तापीकाठ (चोपडा)

सगळे गरारीवर बोलताय, कागदावर कोणी बोलत नाही. ट्रॅक्टरला मोटारसारखी चेसिस फ्रेम नसते बहुतेक ठिकाणी. इंजिन, क्लच हाऊसिंग, गिअरबॉक्स, मागचं हाऊसिंग हे एकमेकाला बोल्ट मारून तेच ट्रॅक्टरचं अंग होतं. मग चेसिस नंबर ठोकतात कुठे? बऱ्याच मॉडेलला याच कुठल्यातरी हाऊसिंगवर. तुम्ही अख्खा डबा बदलला आणि नंबर नेमका त्या डब्यावर असेल तर तुमच्या एमएच १९ च्या ट्रॅक्टरवर दुसऱ्याच कोणाचा नंबर येतो. उद्या विकायला काढलं, आरटीओमधे पेन्सिलने नंबरची छाप घेतली की झालं. आणि तो ट्रॅक्टर कुठून चोरीचा निघाला तर तुम्ही पोलिसांना सांगत बसा की मी फक्त डबा घेतला.

आधी आरसी काढून आपला नंबर कुठं ठोकलाय ते शोधा, रंगाच्या थराखाली असतो, वायर ब्रश मारा. आपल्या डब्यावर असेल तर डबा आपलाच ठेवा आणि फक्त आतला माल बदला. यार्डातल्या डब्यावरचा नंबर ग्राइंडरने घासलेला दिसला तर किती पण स्वस्त असू द्या, चहा पिऊन परत या. आणि कच्चं का होईना बिल घ्या, त्यावर तो कोणत्या ट्रॅक्टरचा, त्याचा नंबर काय, हे लिहून घ्या.

केळीबांध (यावल)

तापीकाठ, तुमचा प्रतिसाद वाचला आणि लगेच ब्रश मारला. नंबर क्लच हाऊसिंगवर निघाला, गिअरच्या डब्यावर नाही. सुटलो.

रविवारी झाकण काढलं. पानापेटी दादांचे पाय धरतो. दुसऱ्या-तिसऱ्याच्या रॉडची स्प्रिंग तुटून दोन तुकडे, आणि गोळी खाली ऑइलमधे पडलेली, चुंबकाला तार बांधून काढली. फोर्कचं एक बोट पत्र्यासारखं झालंय. पण आनंद अर्धाच, कारण बॅटरी मारून बघितलं तं दुसऱ्याच्या सरकत्या गरारीचे दात तोंडाशी गोल झालेले आहेत, दोन दातांचे कोपरे उडालेत. म्हणजे गरारी लागणारच. मिस्तरीला दाखवलं तं म्हणे मी सांगितलंच होतं बॉक्स गेला.

पानापेटी

बॉक्स नाही गेला, एक गरारी आणि एक फोर्क गेला. मिस्तरींशी वाद घालू नका, काम त्यांच्याकडूनच करून घ्यायचंय 😄 फक्त हे ध्यानात ठेवा की गरारी एकटी घ्यायची नाही, तिच्या जोडीची पण त्याच बॉक्समधली घ्या. बरोबर झिजलेल्या दोघींना एकमेकींची सवय झालेली असते, नवी-जुनी जोडी लावली की किंचाळते. क्राऊन-पिनियनला तर हा नियम फारच कडक, ती जोडी कंपनीत एकमेकीवर घासून तयार करतात, दोघींवर एकच जोडनंबर कोरलेला असतो बऱ्याचदा. त्यातली एकच बदलणारा माणूस दुसऱ्यांदा पैसे भरतो.

बेअरिंग_६३०८ (भुसावळ)

यार्डात जाणार असाल तर अजून एक मोजणी करा. तुमच्या ट्रॅक्टरची घरी, त्या बॉक्सची तिथे. टॉप गिअर टाका, हायमधे. एका बाजूचा एक्सल अडवून धरा, दुसऱ्यावर खडूची खूण करा. आता इनपुट शाफ्ट हाताने फिरवत खूण एक पूर्ण फेरा मारेपर्यंत किती फेरे लागले ते मोजा. एक बाजू अडवली की डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गरारीचा संच) दुसरीला दुप्पट फिरवतो, म्हणून आलेल्या आकड्याला दोनाने गुणलं की खरा रेशो. पहिल्या लो गिअरमधे मोजायला जाल तर शंभराच्या वर फेरे होतील आणि मधेच फोन येईल.

केळीबांध (यावल)

काल यार्डात जाऊन आलो, सविस्तर लिहितो, थोडं लांब होईल.

घरी चाक जॅकवर घेऊन आणि खालून क्लच हाऊसिंगच्या खिडकीतून क्लचच्या प्लेटीवर खूण करून मोजलं, अडीच तास गेले, पोरगा मोजायला बसवला होता, त्याने दोनदा चुकवलं. आकडा आला सव्वापंधरा. म्हणजे साडेतीस.

यार्डवाला माणूस बोलायला गोड. चहा आला. बॉक्स बाहेर काढून ठेवला होता, वरून निळा रंग ताजा, हाताला लागत होता. कास्टिंग नंबर जुळला. पुठ्ठ्याचा फर्मा बसला, सगळी भोकं जुळली. क्लचप्लेट सरकली. माझा मित्र म्हणे चल उचलू. मी म्हटलं थांब. टॉपला टाकून मोजलं, सव्वातेरा. परत मोजलं, सव्वातेरा.

यार्डवाल्याला विचारलं तं तो म्हणे, भाऊ फेरे मोजून गिअरबॉक्स घेणारं गिऱ्हाईक पहिलंच. मी हिशोब केला, साडेतीस भागिले साडेसव्वीस म्हणजे जवळपास पंधरा टक्के जास्त स्पीड. जिथं दोन किलोमीटरने चालत होतं तिथं दोन पॉइंट तीनने चालणार. पीटीओ तं तेवढाच फिरणार, मग रोटर माती कमी बारीक करणार आणि १८ एचपीच्या इंजिनला दम लागणार. ट्रॉलीसाठी चाललं असतं, केळीसाठी नको.

मग वरचं झाकण काढायला लावलं. मागचा क्राऊन-पिनियन वेगळा आहे, पण पुढची गरारी, दात मोजले, माझ्याइतकेच. दुसऱ्याची गरारी तोंडाशी चांगली चौकोनी, नखाला धार लागते. हाऊसिंगला खाली बारीक रेघ दिसली, रंगाखाली. डिझेल लावलं, पुसलं, खडूची पूड मारली, पाच मिनिटात रेघ ओली होऊन वर आली. तडा. कोणीतरी वेल्डिंग करून रंग मारला होता. यार्डवाल्याला म्हटलं डबा तुमच्याकडेच ठेवा, मला दुसऱ्याची जोडी, सरकत्या गरारीचा शाफ्ट आणि दोन फोर्क द्या. आधी म्हणे सुटं देत नाही. मग तड्याकडे बोट दाखवलं. साडेसात हजारात जमलं, बिलासकट.

भरीतभाकरी

अठ्ठावीसचे साडेसात! पार्टी कधी? भरीताची पार्टी, वांगी मी आणतो.

ओहायोतला_अमळनेरकर

डिझेल आणि खडूचा प्रयोग इथल्या माझ्या शेजाऱ्याला दाखवला. तो बाजारातून तीन डब्यांचा महागडा स्प्रे आणतो याच कामासाठी. मला चहाला बोलावलंय त्याने.

नवापूरवाला

बसवताना एक सांभाळा. ट्रॅक्टर मधून फोडताना पुढचा एक्सल मधल्या पिनवर झुलतो हे विसरू नका. एक्सल आणि पुढच्या ब्रॅकेटच्या मधे दोन्हीकडे लाकडाच्या पाचरी ठोका, नाहीतर इंजिन एका बाजूला कलंडतं. आमच्याकडे एकाचा पाय थोडक्यात वाचला. नुसत्या जॅकवर ठेवू नका, खाली ठोकळे पाहिजेत.

तापीकाठ (चोपडा)

आणि ऑइल कोणतं टाकणार? कोणी पण दिलं म्हणून टाकू नका. हायड्रॉलिक आणि गिअरचं ऑइल एकाच डब्यात असेल तर वेगळं लागतं, दोन्ही वेगवेगळ्या डब्यात असतील तर गिअरला ९० नंबर. जीएल-५ लिहिलेलं ऑइल जुन्या पितळी बुशवाल्या बॉक्सला टाकताना पुस्तकात बघा, पिवळ्या धातूला त्यातली रसायनं सोसत नाहीत असं जुने मिस्तरी म्हणतात आणि ते बरोबर आहे.

केळीबांध (यावल)

शेवटचा अपडेट. आठ दिवस लागले. सगळी बेअरिंग नवी, सील नवे, स्प्रिंगा चारही बदलल्या, नुसती तुटलेली नाही. पाचरी ठोकल्या होत्या नवापूरवाले, आणि खरंच ठोकल्या नसत्या तं इंजिन कलंडलं असतं, जॅक काढताना एकदा हललं. मिस्तरीने पुस्तकातलं ऑइल बघून ९० नंबर टाकलं.

आज सकाळी दोन एकर रोटर मारला, दुसऱ्यामधेच. दांड्याला हात लावला नाही. सवयीने खांदा मधेमधे आपोआप खाली जात होता, तेवढं राहिलंय. घर्रर्र गेला. आता क्लच दाबल्यावर हलका सी सी आवाज येतो, जो आधी मोठ्या आवाजात दबला होता.

पानापेटी

रिलीज बेअरिंग 😄 सांगितलं होतं की नाही. ट्रॅक्टर फोडलेलंच होतं तेव्हा का नाही बदललं?

केळीबांध (यावल)

मिस्तरी म्हणाले चांगलं आहे, राहू द्या.

बरं, एक विचारायचं राहिलं. गिअरच्या दांड्याखालचं रबरी टोपण फाटलंय, पाणी आत जातं. जुन्या मॉडेलचं मिळत नाहीये. भुसावळ-फैजपूरकडे कोणाला माहिती असेल तर सांगा, आतलं भोक २२ मिलिमीटर, खालचं तोंड ७०.

बेअरिंग_६३०८ (भुसावळ)

फोटो टाका, मोजपट्टी शेजारी ठेवून.